पाळलेला हळद्या

लोक गाय पाळतात, पोपट पाळतात, काही जण मेहुणा पाळतात. मी एक रोग पाळला. मानोऱ्याकडच्या एका खेड्यात, एका विधवा बाईच्या पडवीत, मच्छरदाणीच्या पिंजऱ्यात, मातीच्या कुंड्यांमध्ये. त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं, उन्हात झाकलं, कोंबड्यांपासून राखलं, आणि त्याला काही होऊ नये म्हणून माझ्या जन्मात पहिल्यांदा देवाला हातही जोडले. डॉक्टरेट मिळवायची तर माणसाला काय काय करावं लागतं, हे सांगून कुणाला पटत नाही. मलाही आता पटत नाही.

रोग ज्वारीचा. पानांवर पिवळ्या रेघा पडतात, मग पान हळदीत बुडवून काढल्यासारखं होतं, ताट खुजं राहतं आणि कणसात दाणा भरत नाही. आमच्या वऱ्हाडात त्याला हळद्या म्हणत. कॉलेजातली मंडळी व्हायरस म्हणत आणि म्हणताना छाती थोडी पुढे काढत. या व्हायरसची एक खोड अशी की तो जिवंत झाडातच जगतो. झाड वाळलं की तोही गेला. बाटलीत भरून फडताळात ठेवता आला असता तर माझं आयुष्य सोपं झालं असतं.

आता साहेब. साहेब म्हणजे कॉलेजातले माझे मार्गदर्शक. हा शब्द मी सवयीनं वापरतो, नाहीतर त्या माणसानं मला स्टेशनाचा रस्तासुद्धा कधी धड सांगितला नव्हता. त्यांनी ज्वारीचा एक नवा वाण काढला होता, ज्याला हळद्या होत नाही. होत नाही म्हणजे होतच नाही, असं ते टेबलावर मूठ आपटून सांगत. या वाणावर त्यांनी हार घेतले, शाली घेतल्या, एकदा हत्तीवरूनही निघाले असते, हत्ती मिळाला नाही म्हणून राहिलं. गावोगावचे लोक त्या ज्वारीला साहेबी जवारी म्हणू लागले. मला त्यांनी प्रबंधाचा विषय दिला तोही त्यातलाच: साहेबी ज्वारी हळद्यापुढे कशी टिकून राहते. म्हणजे साहेबांची आरती, फक्त इंग्रजीत आणि पक्क्या बांधणीची.

मी त्यासाठी त्या खेड्यात जाऊन राहिलो. पहिल्याच हंगामात, जिच्या पडवीत मी राहत होतो तिच्या वावरात, साहेबी ज्वारीच्या चार-दोन ताटांवर पिवळ्या रेघा दिसल्या. मी आधी डोळे चोळले. मग पान खुडून उन्हात धरलं. हळद्याच होता. मुळात हळद्या साहेबी ज्वारीला शिवत नव्हता, हे खरं होतं. ते मीही करून पाहिलं होतं. मग हा कुठून आला? एकच उत्तर होतं. हळद्या बदलला होता. भिंत चढता येत नाही म्हटल्यावर चोर गप्प बसत नाही, दुसरी वाट काढतो. लाखो व्हायरसांत एखादा असा निघाला असणार की ज्याला ती भिंत चढता आली, आणि मग त्याचीच पिलावळ वाढली.

मी धावत शहरात गेलो आणि साहेबांना सांगितलं. त्यांनी चहाचा घोट गिळला, कप बशीत ठेवला आणि म्हणाले, "शेतकऱ्यांनी बियाणं मिसळलं असेल. हे लोक दुसरं काय करणार?"

"साहेब, रोग बदललाय."

"व्हायरस म्हणजे काय सरडा आहे रंग बदलायला?" आजूबाजूचे चार जण हसले. साहेबांच्या आजूबाजूला असे चार जण कायम असत. त्यांना पगार कशाचा मिळतो, हे मला त्या दिवशी कळलं.

पण साहेब बेरके होते. नाही म्हणून मोकळे झाले असते तर उद्या मी दुसरीकडे बोंब मारली असती. म्हणून त्यांनी अट घातली. स्वतःच्या हातानं सील केलेली बियाण्याची पिशवी मला दिली आणि म्हणाले, "या बियाच्या रोपांवर तुझा रोग आणून दाखव. मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या भागात येतोय. माझ्या डोळ्यांनी पाहिला तर प्रबंधावर सही करतो. नाही दिसला तर बियाणं मिसळलेलं होतं असं तू स्वतः लिहून द्यायचं, आणि या विषयाला रामराम."

माझ्या शिष्यवृत्तीचं ते शेवटचं वर्ष होतं. रामराम म्हणजे कुणाला, ते मला समजलं. तेव्हा काम एवढंच होतं: साहेबांच्या बियाण्यावर हळद्या आणायचा आणि साहेब येईपर्यंत तो जिवंत ठेवायचा.

तो आणायची रीत अशी. रोगट पान खलबत्त्यात कुटायचं, फडक्यातून रस गाळायचा. निरोगी रोपाच्या पानावर काच घासायला वापरतात तसली बारीक भुकटी भुरभुरायची, आणि बोट रसात बुडवून पानावरून हलकेच फिरवायचं. जोरात घासलं तर पान फाटतं, हळू घासलं तर रोग शिरत नाही. मग पिंजरा झाकायचा, कारण मावा नावाची ती बारकी हिरवी कीड एका झाडाचा रोग सोंडेत घेऊन दुसऱ्या झाडावर बसते. आत मावा गेला तर साहेब म्हणणार, तुझा पिंजरा भोकाचा. पहिल्या खेपेला रोपांवर नुसते बारीक ठिपके आले. त्या रोपांचा रस मी दुसऱ्या रोपांना लावला, त्यांचा तिसऱ्यांना. प्रत्येक खेपेला रेघा लांब, ठळक होत गेल्या. साहेबी ज्वारीत राहता राहता तो तिला सरावत होता. ते पाहून मला जो आनंद झाला तो माझ्या लग्नातही झाला नाही. बायकोला हे ठाऊक आहे.

गावाला मात्र माझी दया येत नव्हती, करमणूक होत होती. "रोगवाले मास्तर" हे माझं नाव पडलं. पारावरची रिकामटेकडी मंडळी विचारायची, "काय मास्तर, काय म्हणते तुमचा रोग? जेवला का?" बिनकामाच्या माणसाला विनोद सुचायला वेळ फार असतो.  हे लोक एकीकडे साहेबी ज्वारी पेरून निश्चिंत बसले होते, आणि मी त्यांच्याच घराच्या भिंतीला लागून तिचा यम वाढवत होतो, याची एकालाही अक्कल नव्हती. गाढवाला गुळाची चव काय?

यांचा मुकुटमणी म्हणजे गावचा पाटील. साहेबी ज्वारीचा सरकारी नमुना प्लॉट याच्याच वावरात होता, अगदी गावच्या शिवेला लागून, कारंज्याहून येणाऱ्या रस्त्याच्या कडेला. म्हणजे जीपमधून उतरायचेही कष्ट नकोत. रस्त्यावरून दिसेल असा निळा फलक होता आणि फलकावर पाटलाचं नाव साहेबांच्या नावापेक्षा थोडंच लहान होतं. त्या सालची पहिली पेरणी उगवली नाही, म्हणून त्यानं ती ज्वारी मोडून पुन्हा पेरली होती. त्यामुळे सगळ्यांची ज्वारी कमरेला लागली तरी नमुना आपला गुडघ्याएवढाच. तरी पाटील आल्यागेल्याला सांगायचा, "ही नमुन्याची जवारी हाये, बापा. हात नाही लावाचा." कुणी हात लावण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

राहिली काकी. म्हणजे माझी घरमालकीण. नवरा वारलेला, पोटी मूल नाही, थोडं वावर, एक गाय आणि तोंड असं की समोरच्याचा गरम चहा निवावा. मला ती भाऊ म्हणायची आणि दिवसातून दोनदा वेड्यात काढायची. "भाऊ, लोक रोगाले मारतेत, तुमी त्याले पानी घालता. कायले पण?" मी समजावून सांगायला लागलो की ती अर्ध्यावर उठून गाईकडे जायची. गाईला निदान माझ्याइतकं बोलायची सवय नव्हती. पण कुंड्यांना तिनं कधी हात लावला नाही, हेही सांगायला हवं. मी घराबाहेर असलो तर कोंबड्या तीच हाकलायची.

त्या पावसाळ्यात मला ताप आला, गेला, पुन्हा आला. मी वाळलो. जेवण तोंडाला चव देईना. काकीनं मिठा-मिरच्यांनी दृष्ट काढली, उपयोग झाला नाही. मला काय झालं होतं ते मला माहीत होतं. साहेब येतील की नाही, कुंड्या टिकतील की नाही, या घोरानं मी अर्धा झालो होतो. काकीनं मात्र वेगळाच हिशेब मांडला. घरात रोग ठेवलाय, आणि तो आता झाडावरून माणसावर आलाय. ती हे बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पोळा आला. मी त्या दिवशी दुपारीच कारंज्याला गेलो, कारण साहेबांची जीप कारंज्याहून येणार होती आणि त्यांना गाव दाखवायला माणूस हवा, असा निरोप होता. रात्र एका धर्मशाळेत काढली. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, विश्रामगृहाच्या फाटकाशी उभा राहिलो. उन्ह डोक्यावर आलं. शेवटी तिथल्या खानसाम्यानं सांगितलं की साहेब इकडे येणारच नाहीत. वाटेत कुठल्याशा गावी सोसायटीचं उद्घाटन होतं, तिथे गेले, आणि तिथूनच परत. म्हणजे रिबीन कापायला वेळ होता. कप्पाळ! मी मोटरनं परत निघालो आणि वाटभर साहेबांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

आता, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काय करतात हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. पोळ्याला दारात पळसाच्या फांद्या लावतात. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे त्या काढायच्या, घरातली सगळी रोगराई, ढेकूण, पिसवा, दुखणीखुपणी त्या फांद्यांबरोबर गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकायची, आणि ओरडायचं, "ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत!" मारबत म्हणजे ही पीडा शिवेपार नेणारी. म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून पोट्ट्यांपर्यंत सगळं गाव ओरडत शिवेकडे पळतं. वर्षातून एकदाच पीडा हाकलायची संधी. ती हुकली तर वर्षभर भोगा.

मी घरी आलो तेव्हा पडवी शेणानं सारवलेली होती. पिंजऱ्याची मच्छरदाणी धुऊन दोरीवर वाळत घातली होती. आत काही नव्हतं.

"काकी, कुंड्या कुठायत?"

काकी उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिच्या चेहऱ्यावर तीर्थ करून आल्याचा आनंद होता. "टाकल्या ना भाऊ शिवेवर. पहाटीच नेल्या. साऱ्या गावाची पीडा गेली, मंग आपल्या घरातली काहून ठेवाची? आता पाहा, दोन दिसात तुमचा ताप उतरते."

मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तिनं तांदळाचं सूप बाजूला ठेवून शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लय झालं. पानी प्या."

मी शिवेकडे पळालो. डोक्यावर टोपली घेऊन गेलेल्या बाईला ओझं झालं असणार. शिवेचा दगड वीसेक पावलं पुढे असताना तिनं कुंड्या अलीकडेच, पाटलाच्या नमुना प्लॉटच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवल्या होत्या. ठेवल्या म्हणजे चांगल्या ओळीनं मांडल्या होत्या. सकाळभर त्या तिथे उघड्यावर होत्या. मग गावच्या बकऱ्या आल्या. मी पोचलो तेव्हा खापऱ्या होत्या, पळसाच्या फांद्या होत्या, आणि चघळून टाकलेली खोडं होती. खलबत्त्यात घालायला एक हिरवं पान नव्हतं, आणि काकीच्या वावरातली ती रोगट ताटं कधीच वाळून गेली होती. साहेबांच्या पिशवीतलं बीही मी शेवटच्या दाण्यापर्यंत वापरलं होतं. मी धुऱ्यावर बसलो आणि रडलो. हो, रडलो. डॉक्टर व्हायला निघालेला घोडा बकऱ्यांच्या लेंड्यांत बसून रडत होता. रस्त्यानं जाणाऱ्या एकानं बैलगाडी थांबवून विचारलं, "काय झालं मास्तर, कोनी गेलं काय?" मी म्हटलं, हो, गेलं.

काकीशी मी बोलणं सोडलं. तिनं जेवण वाढणं सोडलं नाही. मी सामान बांधायच्या तयारीत होतो, तेवढ्यात एका सकाळी नमुना प्लॉटवरून जाताना मला दिसलं. धुऱ्यालगतच्या ओळींत, नेमकं जिथे कुंड्या होत्या तिथून आत, पोग्यातल्या, म्हणजे शेंड्याच्या सुरळीतल्या, नव्या पानांवर पिवळ्या रेघा. मी काटेरी कुंपणात डोकं घातलं, कान फाटला, पण पाहिलं. हळद्या! माझा हळद्या! बकऱ्या यायच्या आधी माव्यानं आपलं काम उरकलं होतं. आणि पाटलाची ज्वारी उशिराची, कोवळी, म्हणजे रोगाला जावयासारखी सरबराई.

मी वेड्यासारखा हसलो. कुंड्यांची आता गरजच काय? साहेबांचं बियाणं, साहेबांचा प्लॉट, साहेबांचा फलक, आणि त्यावर साहेबांच्या मते न होणारा रोग. यापेक्षा मोठा पुरावा कुणी मांडून दाखवला असता? मी रोज लांबूनच पाहून येत होतो. रेघा ठळक होत होत्या, रोग धुऱ्यापासून आत आत सरकत होता. माझी भूक परत आली. काकी म्हणाली, "पाह्यलं? पीडा गेली म्हनून." मी तिच्याशी पुन्हा बोलायला लागलो, ते तिला समजावून सांगण्यासाठी की पीडा गेली नाही, पाटलाकडे गेली. ती गाईकडे उठून गेली.

साहेब पितृपक्षात आले. पितृपक्षात उद्घाटनं होत नाहीत, म्हणून त्यांना वेळ होता. मी पुन्हा आदल्या दिवशी कारंज्याला गेलो, आणि या खेपेला जीप खरंच आली. मी मागे बसलो. साहेब वाटभर एका मंत्र्याच्या घरच्या जेवणाचं वर्णन करत होते. मी ऐकत नव्हतो. साहेबांचा चेहरा कसा होईल, एवढंच मी मनात घोळवत होतो. माणसानं एवढं चिंतू नये.

जीप प्लॉटशी थांबली. पाटील फेटा बांधून उभा. त्याच्यामागे निम्मं गाव, कारण फुकटचा तमाशा कुणाला नको असतो? काकीही डोक्यावर पदर घेऊन उभी होती. मी खाली उडी मारली आणि प्लॉटकडे पाहिलं. एकही पिवळं पान नव्हतं. सगळं हिरवंगार. फक्त धुऱ्याच्या बाजूला झाडं विरळ होती. मधे मधे मोकळी काळी माती, ओली, नुकतीच उकरलेली. त्या गाढवानं साहेब येणार म्हणून आदल्या दिवशी मजूर लावून सगळी रोगट झाडं मुळासकट उपटली होती, आणि बैलांना घातली होती. पाहुणा येणार म्हणून घर झाडतात, तसं त्यानं वावर झाडलं.

साहेबांनी प्लॉटवरून नजर फिरवली आणि मान डोलावली. "वा, पाटील! झाडांतलं अंतर छान ठेवलंय. याला म्हणतात शास्त्रीय लागवड."

"तुमचीच किरपा, साहेब," पाटील म्हणाला.

माझा तोल गेला. "साहेब, ते अंतर नाही! तिथे रोगट झाडं होती. यानं काल उपटली."

"अरे देवा," साहेब म्हणाले. "पुन्हा तेच? दाखव एक झाड."

"काल इथे होती, साहेब. मी रोज पाहत होतो."

"खोटं बोलून राह्यला हा," पाटील म्हणाला. "माह्या जवारीले कायचा रोग? साहेबाच्या जवारीले रोग होते काय कधी?"

आणि तेवढ्यात काकी पुढे आली. मला खोटं पाडलेलं तिला बघवलं नाही. मला ती रोज वेड्यात काढायची, पण तो तिचा हक्क होता, पाटलाचा नव्हे. "पाटील, खोटं तुमी बोलून राह्यले," ती म्हणाली. "रोग होता. माह्या घरात होता, भाऊच्या कुंड्याइत. म्याच आनून ठेवला इथं धुऱ्यावर, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. साऱ्यांनी पाह्यलं."

 मग पाटलाचा चेहरा बदलला. आत्तापर्यंत रोग नव्हताच म्हणणाऱ्याला एकदम रोग सापडला. "म्हंजे तू आनला!" तो ओरडला. "मारबत शिवेच्या बाहेर टाकतेत. तू माह्या वावरात टाकली? माह्या धुऱ्यावर? ऐकलं काय रे साऱ्याइनं? हिनं करनी केली!"

करणी. त्यानं तो शब्द उच्चारला आणि मागचं निम्मं गाव चार पावलं मागे सरलं. कालपर्यंत काकीच्या घरचं ताक फुकट पिणाऱ्या बाया तिच्यापासून लांब झाल्या, एकीनं तर स्वतःच्या पोराच्या तोंडावर हात धरला. काकीचा हात पदराशी गेला. "ओझं झालं होतं, म्हनून ठेवलं," ती म्हणाली, पण आता कुणी ऐकत नव्हतं. एकट्या विधवा बाईवर करणीचा बोल आला की गावात तिला विहिरीवर घागर बुडवू देत नाहीत. आणि ती मेली तर खांदा द्यायलाही भाडोत्री माणसं आणावी लागतात. हे काही मी पुस्तकात वाचलेलं नाही.

साहेब मात्र खुशीत आले होते. त्यांनी मला हाताला धरून जीपच्या मागे नेलं, आणि त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच माझ्याशी शास्त्र निघालं. "म्हणजे रोग आपोआप आला नाही तर! तू पिंजऱ्यात वाढवलेला, या बाईनं इथे आणून ठेवला, माव्यानं पसरवला. असं असेल तर माझ्या वाणाला कोण नावं ठेवणार? बाहेरून कुणी आणून घातला तर वाण काय करील? तुझा व्हायरस बदलला, मला मान्य आहे. प्रबंध बांधून आण, मी सही करतो. फक्त आत्ता इथे चारचौघांत सांग, की हा रोग हिच्या कुंड्यांतून आला."

पाहा, कसा माणूस होता! बदलतो कोण, व्हायरस की साहेब?

आणि मजा अशी की ते खरं होतं. रोग काकीनं ठेवलेल्या कुंड्यांतूनच आला होता. मला खोटं बोलायचं नव्हतं, फक्त एक खरं वाक्य बोलायचं होतं. ते माझ्या सगळ्या कामाचं सार होतं. त्याच वाक्यासाठी पाटील पुढे सरकला होता, गाव कान टवकारून उभं होतं, आणि साहेबांनी खिशातलं पेन काढून हातात धरलं होतं. मी जीपमागून पुढे आलो आणि काकीकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती, आणि मी खरं तेच सांगणार याची तिला खात्री होती. खुशाल सांगा, अशी मान तिनं हलवली. तिला वाटत होतं की खरं सांगितलं की सुटका होते.

मला त्या सगळ्यांचा इतका संताप आला की बोलताना माझे दात वाजले.

"नाही साहेब," मी मोठ्यानं म्हणालो. "कुंड्यांत रोग नव्हताच. पाणी कमी पडलं म्हणून रोपं पिवळी झाली होती. आणि इथे जी पिवळी झाडं होती, ती मिसळलेल्या बियाण्याची. तुमचं पहिल्यापासून बरोबर होतं. मीच चुकलो. तसं लिहून देतो."

साहेबांनी पेन पुन्हा खिशात घातलं. मग खांदे उडवून ते जीपकडे वळले. पाटलाचं तोंड लटकलं. त्याच्या वावरातलं सरकारी बियाणं मिसळलेलं म्हटल्यावर चोर तोच ठरत होता, म्हणून त्यानं विषय वाढवला नाही. रोगच नाही म्हटल्यावर करणी कसली? बाया पुन्हा काकीजवळ सरकल्या, जणू मधे काही झालंच नव्हतं. एकीनं तर तिच्या खांद्यावर हात ठेवला. लाज म्हणून नाही!

काकी मात्र जागची हलली नाही. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं. तिच्या डोळ्यांत जी तुच्छता होती ती मी साहेबांच्याही डोळ्यांत कधी पाहिली नव्हती. मग सगळ्या गावादेखत, साहेबांच्या जीपला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "अव माय! रोग नव्हताच? मंग माह्या पडवीत पावसाळाभर काय झक मारून राह्यले होते तुमी?"

सगळं गाव हसलं. पाटील हसला, जीपमध्ये साहेब हसले. मी कुंपणाकडे तोंड करून उभा राहिलो.